चार किलोबाइटचे अण्णा

फोन वाजला तेव्हा ती एका बटणाचं वजन उतरवत बसली होती. बटण म्हणजे काय, तर पडद्यावरचा बोटभर चौकोन, दाबला की रंग बदलणारा. पण दोन दिवसांच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने सगळं घरच पाठीवर घ्यावं तसं कुणीतरी त्याच्या पोटात नको नको ते भरून ठेवलं होतं. ऑफिसात तिला सगळे 'वजनकाटा' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडे. वेबपानांसाठी ती जे छोटे छोटे कॉम्पोनंट बनवी, कार्डं, यादी, ठिपके, बटणं, त्यातला एकेक ती आधी तोलून बघे आणि मगच हातावेगळा करी. तिचे तुकडे हलके असत आणि जागे असत. आतली एखादी प्रॉपर्टी बदलली, एखादं नाव, एखादा आकडा, एखादा रंग, की तो तुकडा आपला आपण पुन्हा रंगायचा. कुणी हाक मारायला नको, कुणी हलवून उठवायला नको. नव्या माणसाला शिकवताना ती म्हणे, "आईची झोप असते ना, तसं हे. पाळण्यात जरा हललं की हिला कळतं." आणि तिला स्वतःला मूल नव्हतं हे माहीत असलेली माणसं तेवढ्यापुरती खिडकीबाहेर बघत.

"ताई, मी निवासातली सिस्टर बोलतेय. अण्णांच्या मजल्यावरची."

उत्तर देण्याआधी तिचे डोळे सवयीने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गेले. तिथे ते कार्ड होतं, कायमचं उघडं ठेवलेलं. तिच्या वडिलांचा, अण्णांचा फोटो, फोटोखाली हिरवा ठिपका आणि ठिपक्यापुढे एक ओळ: अण्णा खिडकीपाशी बसले आहेत, मजेत आहेत. हे कार्ड तिनेच बनवलेलं. शहरातल्या सात वृद्धनिवासांत सिस्टर मंडळी टॅब्लेटवर दिवसभराची नोंद लिहीत, ठिपक्याचा रंग निवडत, आणि घरच्यांना ते कार्डावर दिसे. हिरवा म्हणजे छान, पिवळा म्हणजे जरा लक्ष ठेवा, लाल म्हणजे या.

"बोला ना सिस्टर," ती हसून म्हणाली. "आत्ताच बघत होते. खिडकीपाशी बसलेत."

"कोण बसलंय?"

"अण्णा."

"नाही हो ताई. अण्णा पलंगावर आहेत. चार दिवस झाले, पलंगावरच आहेत. मी रोज लिहितेय तुम्हाला. तुमचं काहीच उत्तर नाही, म्हणून म्हटलं, रागावल्या तर रागावू देत, फोन करून बघावा. आज सकाळपासून बोलत नाहीयेत हो. डॉक्टर येऊन गेले. मेंदूत कुठेतरी बारीकशी गुठळी म्हणतात. दादांना कळवलंय, ते निघालेत."

तिने पुन्हा कार्डाकडे पाहिलं. अण्णा मजेत होते. फोटोतले तर चांगलेच मजेत होते, कारण तो नऊ वर्षांपूर्वीचा होता आणि त्यात त्यांच्या कानामागे ब्रश खोचलेला होता. तिने फोन ठेवला, आणि ते उघडून ठेवल्यापासून पहिल्यांदाच त्या पानावर जाऊन ते नव्याने उघडायचं बटण दाबलं. कार्ड कोरं झालं. पापणी लवते न लवते तोच परत उभं राहिलं. ठिपका लाल. पुढे ओळ: आज बोलले नाहीत, दादांना कळवलं.

देव माणसाला शिक्षा करतो तेव्हा काठी उगारत नाही, असं तिची आई म्हणायची. माणसाच्याच हातचा दिवा तो जरासा बाजूला सरकवतो, बास. तिला त्या क्षणी रडू आलं नाही, भीती वाटली नाही. तिला कळलं, एवढंच. कुठे काय चुकलंय ते बोट ठेवून सांगता येईल इतकं स्वच्छ कळलं. कळल्याचा एक क्षणभराचा आनंदसुद्धा झाला, कोडं सुटल्यावर होतो तसा. आणि तो आनंद झाल्याची लाज पुढे दिवसभर तिच्या जिभेवर तांब्याच्या चवीसारखी राहिली.

झालं होतं ते असं. एकोणीस दिवसांपूर्वी तिने हे कार्ड हलकं केलं होतं. आधी ते अकरा किलोबाइटचं होतं, तिने ते चारावर आणलं. साहेबांनी सगळ्यांना टेबलाभोवती जमवून टाळ्या वाजवायला लावल्या. "चार किलोबाइट!" साहेब म्हणाले. "अहो, हे कार्ड आहे की फुलपाखरू?" त्या हलकेपणात तिने एक गोष्ट काढून टाकली होती. पूर्वी नवी नोंद आली की जुन्या नोंदी आणि ही नवी मिळून एक नवी यादी तयार होई आणि ती कार्डाच्या हाती दिली जाई. तिला ते उधळपट्टीचं वाटलं. एका ओळीसाठी सगळी यादी कशाला नवी करायची? आहे त्याच यादीच्या शेवटी नवी ओळ सरकवून दिली की झालं. पण कार्डाला नुसतं पाकीट बघायची सवय लावलेली असते. पाकीट बदललं तर ते जागं होतं, उघडून बघतं, स्वतःला पुन्हा रंगवतं. पाकीट तेच असेल तर आतल्या चिठ्ठ्या दहादा बदलल्या तरी त्याला पत्ता नसतो. आपलंच माणूस, रोजचंच पाकीट, त्यात नवं काय असणार? हे नियम तिला पाठ होते. हे ती इतरांना शिकवत असे. पण पान उघडताना कार्ड एकदा तरी सगळं वाचतंच. लोक सकाळी उघडतात, बघतात, बंद करतात. उद्या पुन्हा उघडतात. त्यांना सगळं ताजंच दिसणार. फसणार फक्त तो, ज्याने पान एकदा उघडलं आणि कधी मिटलंच नाही.

सात निवासांतल्या शेकडो म्हाताऱ्यांच्या घरी असं माणूस एकच निघालं.

शेजारच्या टेबलावर 'खुसपट' बसला होता. कामातल्या चुका शोधणं हेच त्याचं काम, म्हणून हे नाव. तो इतका सौम्य माणूस होता की चूक सापडली की आधी स्वतःच माफी मागे. ती त्याच्याकडे वळली.

"कार्ड हलकं केलं त्या दिवशी तू काहीतरी लिहिलं होतंस ना?"

"कुठल्या दिवशी म्हणता?" तो चष्मा पुसत म्हणाला. "मी रोजच काहीतरी लिहितो, आणि तुम्ही रोजच ते बंद करता."

"उघड्या पानाबद्दल."

त्याने शोधलं. शोधायला फार वेळ लागला नाही. त्याने लिहिलं होतं: एखाद्याने पान दिवसभर उघडंच ठेवलं तर नवी नोंद दिसत नाही असं वाटतं, कृपया बघावं. खाली तिचं उत्तर: दिवसभर उघडं कोण ठेवतं? पुढे शिक्का: बंद. तिने ते वाचलं. खुसपटाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. तो हुशार माणूस होता. "सॉरी," तो म्हणाला.

आता इथे जे झालं ते झाकून उपयोग नाही. कुणीही पर्स उचलून पळालं असतं. ती खुर्चीत बसली आणि तिने ती चूक दुरुस्त केली. एक ओळ. जुन्या यादीत सरकवण्याऐवजी नवी यादी. मग ते तपासलं, पुन्हा तपासलं, खुसपटाला तपासायला लावलं, सातही निवासांना पाठवलं. वजन तीस बाइटनी वाढलं. एवढीच होती त्याची किंमत, चार शब्दांच्या निरोपाएवढी. उठली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाऊण तास गेलेला होता आणि समोरच्या थांब्यावरून बस नुकतीच हलली होती.

पुढच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं सरकत होती आणि दुकानांवर पाट्या. आता सगळ्या छापील, पाठीमागून दिवा लावलेल्या, चेहऱ्यावर सारखाच उजेड पडलेल्या. अण्णा पाट्या रंगवायचे. पन्नास वर्षं रंगवल्या. लहानपणी शाळेतून येताना ती रस्त्यावरच्या पाट्या ओळखी: हा अण्णांचा 'क', पोट जरा सुटलेला, ही अण्णांची वेलांटी, शेजारणीकडे वाकून काहीतरी सांगणारी. त्यांच्याजवळ बसलं की टर्पेंटाइनचा वास नाकात जाई आणि डोकं हलकं होई. ते दोरीला खडू चोळून पाटीवर ताणत, मधोमध चिमटीत धरून सोडत, टण्णदिशी आवाज होई आणि एक सरळ पांढरी रेघ जिथे काहीच नव्हतं तिथे हजर होई. रंग वाळला की नाही हे बघायला ते पाटीच्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाने जरासं खरवडत. नख कायम रंगीत. आई म्हणायची, जेवताना तरी तो अंगठा घरी ठेवून या.

एकदा एक दुकानदार आला होता. भागीदार बदलला होता, पाटीवरचं एक नाव काढून दुसरं घालायचं. "पाच मिनिटांचं काम आहे अण्णा. तेवढंच नाव खोडा आणि वर लिहा." अण्णांनी ऐकलं नाही. ते पाटी घरी घेऊन आले, सगळी खरवडली, अस्तर मारलं, दोन दिवस वाळवली आणि पहिल्या अक्षरापासून सगळी पुन्हा लिहिली. दुकानदार चिडला. "अहो, बाकीचं तर तेच आहे!" अण्णा ब्रश धूत म्हणाले, "म्हणूनच. बाकीचं तेच असलं की येणारा-जाणारा मान वर करत नाही. त्याला वाटतं, आपली जुनीच पाटी." ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. पायरीवर बसून ऐकत होती. तिला वाटलं होतं, अण्णा उगाच हट्ट करतात, उगाच काम वाढवतात. बसच्या खिडकीला कपाळ टेकलं होतं आणि इंजिन दातांत वाजत होतं. तिला वाटलं, माणसाला सगळं वेळेवर सांगितलेलं असतं. देव त्या बाबतीत कंजूष नाही. तो आपला सांगून मोकळा होतो, आणि आपण पायरीवर बसून पाय हलवत राहतो.

अडीच महिन्यांपूर्वी ती शेवटची गेली होती. तेव्हा तिने त्यांना ते कार्ड दाखवलं होतं, फोनवर. तिला वाटलं होतं, त्यांना आवडेल. तीही शेवटी पाट्याच रंगवत होती ना. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला.

"हा कोण?"

"तुम्हीच. जुना फोटो आहे."

"आणि हे हिरवं?"

"तुम्ही मजेत आहात म्हणून."

"कोण म्हणालं?"

"सिस्टरांनी निवडलं."

"मला विचारलं?"

ती हसली होती. अण्णा हसले नव्हते. त्यांनी फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. "बरं झालं. तुझ्या पाटीवर मी मजेत आहे. मग आता इथवर यायची दगदग तरी कशाला करतेस?" हे ते रागाने म्हणाले की थट्टेने, हे तिला त्या दिवशीही कळलं नाही. घरी येताना मात्र तिने ते रागानेच म्हटलं असं ठरवून टाकलं, कारण राग असला की परत न जायला कारण मिळतं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या. आणि मग ते कार्ड हलकं केलं त्याच दिवशी तिने ते पडद्याच्या कोपऱ्यात उघडून ठेवलं, कायमचं, रविवारीसुद्धा मशीन बंद न करता. काम करता करता डोळा तिकडे जाई. अण्णा खिडकीपाशी बसले आहेत, मजेत आहेत. बघितलं की छातीतलं काहीतरी सैल होई. एकोणीस दिवस तीच ओळ होती. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं असंही म्हणता येणार नाही. आलं होतं. पण तिला वाटलं, अण्णाच ते, बसले की बसले. तीच ओळ रोज वाचून तिला बरं वाटत होतं. वेगळी ओळ आली असती तर जावं लागलं असतं. हा विचार बसमध्ये तिच्या मनात आला तेव्हा तिने तो बाहेरच्या दुकानांवरून पुढे ढकलला, पण तो पुढच्या थांब्यावर उभाच होता. कार्डात चूक होती हे खरं. पण ती सापडायला एकोणीस दिवस लागले, आणि याच बाईला दुसऱ्याच्या कामातली चूक एकोणीस सेकंदांत सापडत असे.

निवासाच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्यापाशीच दादा उभा होता. तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. सगळ्या गोष्टींची वेळ सांगायची त्याची सवय.

"ये. दहाला फोन गेला तुला. आता पाऊण वाजलाय."

"बस चुकली."

"चुकणारच. चालवणारा तुझ्यासारखाच कुणी हुशार असेल."

"कसे आहेत?"

"मला काय विचारतेस? तुला दिसतंच की सगळं. तूच तर बनवलंयस ते."

"दादा, मला दिसत नव्हतं."

"काय?"

"कार्ड बिघडलं होतं. माझ्याच हातून. गेले एकोणीस दिवस मला जुनीच नोंद दिसत होती."

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग तो गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. तो जिन्याच्या कठड्याला टेकला. "मी रविवारचा उघडायचो ते. दर रविवारी वाचायचो. मला वाटलं, ही रोज वाचतेय आणि हलत नाहीये. मी म्हटलं, बघू तरी, किती दिवस नुसती बघत बसते. तुझी वहिनी म्हणत होती, फोन करा, फोन करा. मी म्हटलं, नाही. तिला सगळं दिसतंय. आपण कशाला सांगायचं?" मग भिंतीकडे बघत: "परीक्षा घेत होतो तुझी. मास्तर ना."

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी ताट पडलं आणि गोल फिरत फिरत थांबलं.

"बाराला एकदा तोंड उघडलं त्यांनी," दादा म्हणाला. "मी आत होतो. डोळे उघडले, दाराकडे बघितलं आणि काहीतरी बोलले. एकदाच."

"काय बोलले?"

"मला कुठे कळायला! सगळं लडबडलेलं. तू असतीस तर कळलं असतं कदाचित. तुमचं दोघांचं पहिल्यापासून निराळंच चालायचं. मी 'काय अण्णा, काय' करत राहिलो, तर डोळे मिटले. डॉक्टर म्हणतात आता परत बोलतील याची खात्री नाही. वयच आहे."

बारा. बाराला ती बसमध्ये होती आणि आधीच्या बसने गेली असती तर खोलीत असती. ती बस तिच्या देखत हलली होती. खुसपटाकडून तपासून घेतलं नसतं तरी मिळाली असती. हिशेब आपोआप झाला, तिने केला नाही. तिचं डोकं तसंच होतं, एक बदललं की बाकीचं आपोआप रंगायचं.

खोलीत उजेड होता. पलंग, पाण्याचं भांडं, औषधांची पेटी, खुर्ची. खुर्ची खिडकीपाशी होती आणि रिकामी होती. अण्णा उताणे निजले होते, तोंडाचा डावा कोपरा जरा घसरलेला, ओल्या रंगाचा ओघळ उतरावा तसा. डोळे उघडे होते. ती वाकली.

"अण्णा. मी आलेय."

डोळे तिच्यावरून गेले, आणि थांबल्याशिवाय पुढे छताकडे गेले. दारातून सिस्टर आत आली. ठेंगणी, चाळिशीची, बोलता बोलता चादरीच्या सुरकुत्या सारखी करणारी. "आलात ताई. बरं केलंत. ऐकू येतंय हो त्यांना, बोला तुम्ही." मग सिस्टरला हिचा चेहरा दिसला असावा, कारण ती आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्याच लिहिण्यात काही चुकत होतं का? मला ते नीटसं येत नाही. मी म्हटलं, जातंय की नाही कोण जाणे."

"तुमचं जात होतं, सिस्टर. द्या बरं, बघू."

सिस्टरने टॅब्लेट तिच्या हातात दिला. एकोणीस दिवस एकाखाली एक ओळीने उभे होते. ती पलंगाच्या कडेवर बसून वाचू लागली, एक हात अण्णांच्या मनगटावर ठेवून. खिडकीपाशी बसले आहेत, मजेत आहेत. त्याच्याखाली: मुलगी रविवारी येईल का विचारलं. त्याच्याखाली: आज दाढी करून मागितली, रविवार आहे म्हणाले. मग: जेवण निम्मं. मग: त्या दिवशी मी थट्टा केली, तिला राग आला असेल, असं म्हणाले, ताई, वेळ मिळाल्यास या. इथे तिचा अंगठा काचेवर थांबला. थट्टा. मग ती पुढे गेली, कारण मागे जायला जागा नव्हती. ब्रश आणि थोडा रंग मागितला, इथे मिळत नाही म्हटलं. मग: खिडकीच्या काचेवर बोटाने अक्षरं काढतात, छान काढतात. मग: पुन्हा विचारलं. मग: पुन्हा विचारलं. मग: मी म्हटलं, ताईंना कळवते रोज, ते म्हणाले, तिला दिसतं सगळं. मग ठिपका पिवळा. पलंगावरून उठले नाहीत. विचारलं. मग: विचारलं, दोनदा. मग काल, पिवळ्याच ठिपक्यापुढे, सिस्टरच्या त्या साध्या, कुठेही न थांबणाऱ्या शब्दांत: आज विचारलं नाही.

तिने खिडकीकडे पाहिलं. काच पुसलेली होती. रोज सकाळी पुसत असणार. निवास स्वच्छ होतं, तक्रारीला जागाच नव्हती. काय लिहीत होते, असं सिस्टरला विचारावं असं तिला वाटलं. ओठापर्यंत आलं. पण उत्तर मिळालं तर ते घेऊन जगावं लागेल आणि नाही मिळालं तरी जगावंच लागेल, हे दोन्ही एकदम कळून तिने टॅब्लेट सिस्टरला परत दिला. दादा दारात उभा होता, आत येत नव्हता.

"ताई, एक विचारू?" सिस्टर म्हणाली. "आजची दुपारची नोंद राहिलीय. लिहू?"

"लिहा."

सिस्टरने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं. मग थबकली. "ठिपका कुठला देऊ?" तिने अण्णांकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि तिच्या गोल चेहऱ्यावर खरोखरच माया आली. "तुम्ही आलात ना? मग हिरवाच देते. त्यांच्याही मनाला बरं वाटेल."

तिने पर्समधून फोन काढला. त्यावर कार्ड उघडलं. कार्ड तिच्या देखत बदललं. क्षणाचाही उशीर नाही, कुठे अडखळणं नाही. लाल गेला, हिरवा आला. पुढे ओळ: मुलगी आली, मजेत आहेत. दुरुस्ती चोख झाली होती. साहेबांनी टाळ्या वाजवाव्यात अशी.

तेवढ्यात तिच्या हाताखालचं मनगट हललं. अण्णांचा उजवा हात, तो अजून त्यांचा होता, चादरीवरून सावकाश सरकत आला. तिला वाटलं, हात धरायला येतोय. तिने आपला तळवा उघडून पुढे केला, सबंध शरीराने पुढे केला. हात तिच्या तळव्यावरून गेला आणि फोनपाशी थांबला. अण्णांचे डोळे आता छतावर नव्हते. ते काचेवर होते. पन्नास वर्षं ज्यांनी लांबून अक्षर तपासलं होतं ते डोळे बारीक झाले, आणि अंगठ्याचं नख, ज्याच्या कडेला एके काळी कायम कुठल्यातरी पाटीचा रंग अडकलेला असायचा, हिरव्या ठिपक्यावर टेकलं.

ते खरवडू लागले.

एकदा. मग पुन्हा. मग जरा जोर लावून. वाळलेला रंग निघत नाही तेव्हा लावतात तसा, कडेपासून, धीराने. नखाचा काचेवर बारीक आवाज होत होता. दादा पुढे आला. सिस्टर म्हणाली, "अगंबाई, बघा, ओळखलं!" ठिपका हिरवा होता तसाच हिरवा होता. स्पर्श झाला तर काय करायचं हे तिने त्याला शिकवलेलंच नव्हतं. तेवढंच वजन वाचलं होतं. तिने फोन हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि अण्णा खरवडत राहिले.